तांबडे केस आणि लग्नाची अंगठी
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



बॅरिस्टर म्हटले की खुनाचा खटला डोळ्यांपुढे येतो. पण विलायतेत कित्येक बॅरिस्टर जन्मभर नगरपालिका, शाळा आणि नोकऱ्या यांचेच दावे चालवितात. विषय रुक्ष खरा. मलाही तसेच वाटे. मग श्रीमती शॉर्ट यांचा १९२५-२६ सालचा दावा वाचनात आला.

इंग्लंडात पूल या गावी त्या शिक्षिका होत्या. नगरपालिकेने त्यांना कामावरून काढले. शिकविण्यात खोट नव्हती; त्या विवाहित होत्या, एवढेच. बाईने आपले घर पाहावे, जागा गरजू शिक्षकांना मिळावी, असे पालिकेचे म्हणणे! लग्नामुळे स्त्रीला व्यवसायास अपात्र ठरवू नये, असा १९१९ चा कायदा तर होताच.

अशा दाव्यात पालिका शहाणी की वेडी, हे कोर्ट पाहत नाही. दिलेला अधिकार भलत्याच हेतूने वापरला काय, हे पाहते. बाई पहिल्या कोर्टात जिंकल्या, अपिलात हरल्या. अपिलातल्या एका न्यायमूर्तींनी दाखला दिला तो तांबड्या केसांचा: केवळ केस तांबडे म्हणून शिक्षिकेला काढले, तर ते चालणार नाही. म्हणजे केस तांबडे चालतात, बोटातली अंगठी चालत नाही, असाच अर्थ मी तरी घेतला!

त्या केसांचा दाखला पुढे १९४७ साली वेन्सबरीच्या सिनेमागृहाच्या खटल्यातही निघाला, आणि त्या निकालाचे नाव आपल्याकडच्या कोर्टांतही घेतात. शिक्षिकांची लग्नबंदी मात्र १९४४ च्या शिक्षण कायद्याने उठली. तोवर कित्येकींनी नोकरी सोडली. काहींनी लग्नच लपवून ठेवले.