दैवचक्राचे गान



कार्ल ऑर्फ या जर्मन संगीतकाराची ‘कार्मिना बुराना’ ही रचना ज्यांना नावाने ठाऊक नाही, त्यांनीही तिचा आरंभ बहुधा ऐकलेला असतो. चित्रपटांनी आणि जाहिरातींनी तो गर्जणारा समूहस्वर भय निर्माण करण्यासाठी सढळ हाताने वापरला. हे त्या रचनेचे थोडे दुर्दैवच. कारण तिच्यात वसंत आहे, मद्यशाळेतील दंगा आहे, प्रेमाची हुरहुर आहे आणि विस्तवावर भाजल्या जाणाऱ्या हंसाचा विलापही आहे.

मूळ कविता तेराव्या शतकातील एका हस्तलिखितातल्या. बव्हेरियातील बेनेडिक्टबॉयर्न येथील मठात ते १८०३ साली सापडले. प्रार्थनेची आणि शास्त्राची भाषा असलेली लॅटिन येथे जुगार, मदिरा आणि धर्मगुरूंची टवाळी यांसाठी राबते. त्या काळच्या सुशिक्षितांचा हा खट्याळपणा! हस्तलिखितात दैवचक्राचे एक चित्र आहे: माथ्यावर राजा विराजमान, एक जण वर चढणारा, एक कोसळणारा, एक तळाशी चिरडलेला. ऑर्फने चोवीस कविता निवडल्या आणि याच चक्राला उद्देशून असलेले समूहगान आरंभी व अखेरीस ठेवले. संगीत मुद्दाम साधे आहे: लहान स्वरवाक्ये, त्यांची आवर्तने, दोन पियानो, तालवाद्यांचा मोठा ताफा आणि बालकांचा वृंद. मुलांशी ऑर्फचे नाते जुनेच होते; सहज वाजवता येणारी वाद्ये मुलांच्या हाती देणारी त्याची शिक्षणपद्धती आज अनेक देशांतील शाळांत रुजली आहे.

मात्र पहिला प्रयोग झाला ८ जून १९३७ रोजी, फ्रँकफुर्ट येथे, हिटलरच्या राजवटीत. ऑर्फ नाझी पक्षाचा सभासद नव्हता. पण ज्यू कुळात जन्मलेल्या मेंडेल्सझोनच्या बहिष्कृत नाट्यसंगीताला पर्यायी संगीत रचण्याचे काम त्याने स्वीकारले. लोकगीतांच्या कामातील त्याचे सहकारी, प्राध्यापक कुर्ट हूबर, राजवटीविरुद्धच्या पत्रकांमुळे पकडले गेले. ऑर्फने मदतीऐवजी स्वतःच्याच सर्वनाशाची चिंता व्यक्त केली, असे हूबर यांच्या पत्नीने पुढे सांगितले. भीती समजण्याजोगी आहे. तिला धैर्य म्हणता येत नाही. १३ जुलै १९४३ रोजी हूबर यांना देहदंड झाला. युद्धानंतर, १९४७ साली रंगभूमीवर आलेले ‘दी बेर्नाउअरिन’ हे संगीतनाट्य ऑर्फने त्यांच्या स्मृतीस अर्पण केले.