पाळण्याचा ताल



डबलबारीत पखवाजाची सम चुकली, तर आपल्या मालवणातला साधा श्रोतासुद्धा लगेच मान वर करतो. हे भजनात बसून बसून येतं, असं आपण धरून चालतो. पण २००९ मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या १४ झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला. मधूनच समेचा ठोका गाळला, तेव्हा बाळांच्या मेंदूने ती चूक टिपली! म्हणजे तालाची जाण जन्मतःच असते. भजन तिला वळण लावतं.

२०२० मध्ये हार्वर्डच्या अभ्यासात तान्ह्या बाळांना अनोळखी भाषांतली गाणी ऐकवली. अंगाईने त्यांच्या हृदयाचे ठोके इतर गाण्यांपेक्षा अधिक संथ झाले. शब्द कळायची गरजच पडली नाही.

आज पाळण्याशेजारी मोबाईल गातो. तो सुरात गातो, पण बाळाचे डोळे मिटायला लागले की आवाज आपसूक हळू करणं त्याला जमत नाही. ते आपल्या आयांना जमायचं. त्यांचे मालवणी पाळणे आणि ओव्या बहुतेक कुठे लिहिलेल्या नाहीत.

म्हणून एक विनंती. यंदा चतुर्थीला गावी गेलात की घरातल्या आजीला, काकीला गायला लावा, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि बॅचच्या ग्रुपवर पाठवा. गाणाऱ्यांची, गावांची नावं लावून ते नीट जपून ठेवायचं काम माझ्याकडे.

आणि घरात बाळ असेल, तर स्वतः गा. बेसूर गायलात तरी बाळ तक्रार करणार नाही.