एम.एस्सी.ला नववीच्या वर्गाची वाट

न्यू जर्सीकर मंडळी, मी कट्ट्याचा. मालवणहून कसालकडे जाताना लागतं ते कट्टा. गप्पांचा नव्हे.

एम.एस्सी. झाल्यावर गावाकडच्या एका शाळेत काही महिने तासिकेवर शिकवलं. दहावीला विशिष्ट उष्माधारकता घेतली, फळा भरून टाकला. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, कायच कळाक नाय.” दुसऱ्या दिवशी शेजारच्या वर्गावरचे गुरुजी आले आणि त्यांनी विचारलं, “दुपारी वारो खयसून येता?”

“दर्याकडसून!”

“आणि रातचो?”

खारे वारे, मतलई वारे, सगळं पोरांनीच सांगितलं. जमीन लवकर तापते, पाणी उशिरा, एवढं फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे उरलं. त्या गुरुजींकडे माझ्याएवढी पदवी नव्हती.

पुढे बी.एड. नाही म्हणून मी बाहेर पडलो. आमच्याकडे एम.एस्सी.सोबत नेट, सेट किंवा पीएच.डी. असली की कॉलेजात बी.एड.शिवाय शिकवता येतं; नववीला येत नाही. मला यात विनोद दिसायचा. आता वाटतं, खरी सक्ती कॉलेजातही हवी होती! पण २०१५पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि कालचा पदवीधर नि डॉक्टरेटवाला एकाच मापाने मोजले गेले, हे काही बरं नाही. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पदव्युत्तरांसाठी एका वर्षाचं बी.एड. आहे, ते मला पटतं.

तुमच्या न्यू जर्सीने तर १९८०च्या दशकातच पगारी शिक्षक म्हणून वर्गावर जायचं, अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली शिकायचं आणि जोडीला अभ्यासक्रम पुरा करायचा, अशी वाट काढली. या वाटेचं मोल माझ्या लेखी त्या ‘हाताखाली’मध्ये आहे. ते वगळलंत तर उरतो माझा भरलेला फळा.

मात्र आमच्या जिल्ह्यात डी.एड., बी.एड. झालेली मुलं वर्षानुवर्षं घरी बसली आहेत. २०२३ साली शासनाने निवृत्त शिक्षकांना महिना वीस हजारांवर पुन्हा बोलावलं तेव्हा ती संतापली, आणि त्यांचं बरोबर होतं. नवी वाट काढताना त्यांच्या पोटावर पाय नको. जिथे गणित-विज्ञानाला माणूसच मिळत नाही, तिथेच ती काढावी.

तुमच्यात पीएच.डी. झालेले पुष्कळ आहेत. गावी याल तेव्हा आठवडाभर शाळेत मागच्या बाकावर बसा, मग बोलू. फक्त डिसेंबरात या. मे महिन्यात आंबे असतात, शाळा बंद असते.