रिटायरमेंट खात्यातलं घर आणि आई-बाबांचा मुक्काम

न्यू जर्सीहून एका श्रोत्याने विचारलंय, "रिटायरमेंट खात्यातून फ्लोरिडात घर घेतलंय. भाडेकरू सोडून जातोय. आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी येतायत. त्यांना तिथे ठेवू का?"

नका ठेवू. एक रात्रसुद्धा नको.

अमेरिकेत आयआरए नावाचं निवृत्तीचं खातं असतं. त्याच्या 'सेल्फ डिरेक्टेड' प्रकारात शेअर्सबरोबर घर किंवा जमीनही घेता येते. पण ते घर तुमचं नसतं, खात्याचं असतं. करकायद्याचं कलम ४९७५ सांगतं, की त्याचा वापर तुम्ही, नवरा किंवा बायको, आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं, सून, जावई, कुणीच करायचा नाही. "पण बाजारभावाने भाडं देतो ना!" तरीही नाही. गंमत म्हणजे भाऊ-बहीण या यादीत नाहीत. आपल्याकडे भाऊ म्हणजे घरचाच माणूस, पण या कायद्याला तो भाडेकरू म्हणून चालतो!

नळ गळतोय म्हणून पाना घेऊन स्वतः जाणंही धोक्याचं. प्लंबर बोलवा, त्याचं बिल खात्यातून द्या. प्रॉपर्टी टॅक्स, विमा खात्यातूनच, आणि भाडंही खात्यातच जमा.

आता नियम मोडला तर काय? लोकांना वाटतं, थोडा दंड होईल. तसं नाहीये. त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून अख्खं खातंच आयआरए राहत नाही. समजा, तुमचं वय ४० आहे. ट्रॅडिशनल आयआरएमध्ये ४ लाख डॉलरचं घर आणि १ लाखाचे शेअर्स आहेत. शेअर्सचा या भानगडीशी काही संबंध नसतो, तरी सगळे ५ लाख तुमचं त्या वर्षाचं उत्पन्न धरतात. त्यावर इन्कम टॅक्स, शिवाय १० टक्के, म्हणजे ५० हजार डॉलर वेगळे. आणि कस्टोडियन कंपनी आपल्याला वेळीच अडवेल या भरवशावर राहू नका. घरात कोण झोपतंय, हे बघायला ती येत नाही.

त्या घरात राहायचंच असेल, तर आधी ते रीतसर खात्याबाहेर काढून स्वतःच्या नावावर करायचं. तेव्हाच्या किमतीवर टॅक्स लागतो, पण वयाची साडेएकोणसाठ वर्षं झाल्यावर ते १० टक्के लागत नाहीत. सध्या मात्र आई-बाबांना स्वतःच्याच घरी ठेवा, आणि फ्लोरिडासाठी नवा भाडेकरू शोधायला घ्या.