हात सोन्याचा, पण शिकवणार कोण?

भोसरी, पिंपरी, चाकण, कुठल्याही गेटबाहेर उभ्या असलेल्या अप्रेंटिसला विचारा. "शॉपमधल्या सगळ्यात हुशार माणसाकडे टाकलं होतं, पण डोक्यात काही शिरलं नाही," असं सांगणारा एक तरी भेटेलच.

मी चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे एक सेटर काका आहेत. मशीनच्या नुसत्या आवाजावरून इन्सर्ट गेलाय हे सांगतात. साहजिकच नवीन पोरांचं ट्रेनिंगही साहेबांनी त्यांनाच दिलं. काकांचा सगळा क्लास एका वाक्याचा: "बघ, असं धरायचं, असं वाचायचं, झालं!"

हातात काय, तर मायक्रोमीटर. आता नीट ऐका. आमच्या मायक्रोमीटरला स्लीव्हवर वरच्या बाजूला पूर्ण मिलिमीटरच्या रेघा, खाली अर्ध्याच्या. थिंबलवर ५० भाग. थिंबलचा एक फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर, म्हणून एक भाग ०.०१. पोरगं वरची १२ ची रेघ बघतं, थिंबलवर २८ वाचतं आणि लिहितं १२.२८. पण खालची अर्ध्याची रेघ उघडी पडलेली असते. खरं माप १२.७८! चांगला जॉब रिजेक्ट, नाहीतर खराब जॉब ओके होऊन पुढे.

काकांची नजर त्या रेघेवर आपोआप जाते. शिवाय ड्रॉइंगवरून माप साधारण किती यायला हवं, हे त्यांच्या डोक्यात असतंच. त्यामुळे ती रेघ वेगळी सांगावी लागते, हेच त्यांना सुचत नाही. ते लपवत नाहीत हं. (लपवणारेही असतात, तो वेगळा एपिसोड.)

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांपुढे हाच पेच होता. नव्या कामगारांची फौज आली, तिला पटापट तयार कोण करणार? तेव्हा 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम निघाला. त्यात सुपरवायझरला शिकवायचं कसं, ते शिकवायचे. चार पायऱ्या: आधी शिकणाऱ्याची भीती घालवा, मग टप्प्याटप्प्याने दाखवा, मग त्याच्याकडून बोलत बोलत करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. युद्धानंतर हे जपानला गेलं, टोयोटानेही उचललं. आपल्याकडे आयटीआयच्या निदेशकांसाठी सीआयटीएस कोर्स असतो. त्यात ट्रेडबरोबर शिकवण्याची पद्धतही येते. शॉप फ्लोअरवर मात्र अनुभव आहे ना, मग शिकवेल की, एवढ्यावर भागवतात. आणि पोराचं अप्रेंटिसशिपचं वर्ष ट्रॉली ढकलण्यात जातं.

सध्या आमच्याकडे मोजमाप एक डिप्लोमावाली ताई शिकवते. नोकरीला दोनच वर्षं झालीत. ती पोरांना मोठ्याने वाचायला लावते: "बारा... अर्ध्याची रेघ दिसतेय... अठ्ठावीस." कुठे अडकलं ते लगेच ऐकू येतं. काकांना आधी जरा लागलं. पण जॉबवर चॅटर मार्क आले की ताईसुद्धा काकांनाच हाक मारते. आता ते सेटिंग करताना ती शेजारी वही घेऊन उभी राहते आणि विचारते, "काका, आत्ता हात का थांबला?" परवा काका दोन मिनिटं विचार करत राहिले. म्हणाले, "थांब, परत करून बघतो."

तुमच्याकडे असे काका असतील तर एक करा. "दाखवा" म्हणू नका. "मी बोलत बोलत करतो, चुकलो की थांबवा," असं म्हणा. काय झालं ते कमेंटमध्ये कळवा. चला, माझी सेकंड शिफ्ट आहे.