घाटात पाय टेकले पाहिजेत
(१९९५च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं, दहा मिनिटं बोल, विषय कुठलाही घे, फक्त ऑफिसचं काही नको. म्हणजे सॉफ्टवेअरवर बोलून लोकांना झोपवू नकोस. म्हणून आपल्या ग्रुपवर गेले चार महिने ज्यावरून भांडण चाललंय तोच विषय घेतला. आपल्यातल्या तिघांना पन्नाशीच्या आत मोठी ॲडव्हेंचर बाईक घ्यायची आहे. एक जण बीएमडब्ल्यूच्या आर १३०० जीएसवर अडून बसलाय, दुसऱ्याला डुकाटीची मल्टिस्ट्राडा व्ही४ हवी आहे आणि तिसरा दर रविवारी मत बदलतो. मी दर महिन्याला मुलुंडहून चिपळूणला आईकडे मोटरसायकलवर जाते, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. आई तिथे एकटी असते. त्यामुळे माझ्यासाठी हा प्रश्न हौसेइतकाच दरमहा पाचशे किलोमीटरचाही आहे.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उंच, सरळ बसून चालवायची, लांब सस्पेन्शनची, कच्च्यावरही जाईल अशी ही गाडी. बीएमडब्ल्यूने १९८० साली आर ८० जी/एस काढली आणि हा प्रकार रुळला. त्यातला 'जी' म्हणजे जर्मन भाषेत रानवाट, 'एस' म्हणजे रस्ता. विकत घेणारे बहुतेक जण आयुष्यभर 'एस'मध्येच राहतात. आपणही राहणार आहोत, तेव्हा रानाचा विचार सोडून देऊ आणि रस्त्याचंच बोलू.

रस्त्याचं बोलायचं तर आधी एक वाईट बातमी. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी. वांद्रे-वरळी सी लिंकवर बंदी. अटल सेतूवर बंदी. जीएस २०२४ साली भारतात आली तेव्हा शोरूमची किंमत २० लाख ९५ हजार होती. तेवढे मोजून घेतलेली गाडी लोणावळ्याला जाताना जुन्या रस्त्यानेच बोरघाट चढणार, आणि पुढे कुणाची तरी ॲक्टिव्हा असणार. त्यात केंद्र सरकारच्या २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे मोटरसायकलला चौपदरी महामार्गावरसुद्धा कमाल वेग ताशी ८० किलोमीटर.

आता विज्ञानाच्या बाई समोर बसल्यात, म्हणून गणित करूनच आलेय. सपाट रस्त्यावर ८०च्या वेगात वारा कापायला आणि टायरचं घर्षण सोसायला आठ-दहा अश्वशक्ती लागते. मागे माणूस आणि सामान धरून एकूण ४०० किलो वजन आठ टक्के चढावर ताशी ६०ने न्यायचं, तर चढाची म्हणून आणखी सातेक. म्हणजे घाटात पंधराच्या आसपास काम भागतं. जीएसकडे १४५ आहेत, मल्टिस्ट्राडाकडे १७०. रॉयल एन्फील्डच्या हिमालयन ४५०कडे ४०. ट्रकला ओव्हरटेक करायला हाताशी जास्तीची ताकद हवी हे खरं, पण चाळिसातूनही पंचवीस शिल्लक राहतात. ग्रुपवर ज्या आकड्यावरून सर्वात जास्त मेसेज पडले, त्याने आपल्या रस्त्यांवर फारसं काही ठरत नाही.

गाडी ठरते ती थांबताना. कशेडी डोळ्यांपुढे आणा. वळणावर समोरून एसटी आलीय, तुम्ही अर्ध्यात थांबलात, रस्ता उतरता आहे, पाय खाली टाकला तर तिथे डांबर चार बोटं खाली. गाडी कलते. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर धरा आणि हँडल एक मीटरवर. जीएसचं वजन २३७ किलो. पाच अंश कलली तर हँडलशी १० किलो तोलावे लागतात, पंधरा अंशांत ३०. हिमालयन १९६ किलोची, तिचे पंधरा अंशांत २५. म्हणजे जिच्या वजनाची एवढी भीती घालतात तिच्यात आणि माझ्या गाडीत फरक पाच किलोंचा. बीएमडब्ल्यूचं इंजिन आडवं, दोन सिलिंडर दोन बाजूंना, म्हणून वजन खाली राहतं. तो फरक आणखी थोडा कमी होत असेल.

पण मागे ७० किलोचं माणूस बसवा. त्याचा गुरुत्वमध्य एक मीटरच्या वर असतो. पंधरा अंशांत ते एकटं २० किलोंची भर घालतं! दोन गाड्यांतल्या फरकाच्या चौपट. हे उत्तर आल्यावर मी दोनदा तपासलं. तेव्हा मित्रांनो, पत्नीला मागे बसवून कोकण दाखवायचा बेत असेल, तर शोरूममध्ये एकट्याने घेतलेल्या टेस्ट राइडला काही अर्थ नाही. तिला सोबत न्या. बसवा. मग गाडी उभी करून पाय टेकून बघा. (आणि तिला विचारा तिला यायचंय का. हाही भाग ग्रुपवर राहून गेलाय.)

एकदा पंधरा अंशांच्या पुढे गेली की मात्र कुणाच्याच हातात राहत नाही. म्हणून गाडी तिथवर जाऊ न देणं महत्त्वाचं, आणि ते सीटच्या उंचीवर ठरतं. जीएसची सीट ८५० मिलिमीटर, हिमालयनची ८२५. पंचवीस मिलिमीटर म्हणजे किती? पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईला विचारा: टाच टेकणं आणि नुसता चवडा टेकणं यातला फरक. हार्लेच्या पॅन अमेरिकात एक छान युक्ती आहे, गाडी थांबायला आली की सस्पेन्शन आपोआप खाली बसतं. उपकरणांचं मला फारसं कौतुक नाही, रोज तेच करते. हे मात्र डोकं चालवून केलेलं काम आहे.

पुढचं चाक बघा. २१ इंची चाक खडकाळ वाटेसाठी, १९ इंची रस्त्यावर जास्त चपळ वळतं. जीएस आणि मल्टिस्ट्राडा दोन्हींना १९चं आहे, तिथे बरोबरी. हिमालयनला २१चं आहे, आणि वळणावर ती जरा आळशी वाटते, हे मी मान्य करते. टायर शक्यतो ट्यूबलेसच घ्या. पोलादपूरला रात्री आठ वाजता पंक्चर काढायला दहा मिनिटं लागावीत, तासभर नको.

मल्टिस्ट्राडाबद्दल माझी शंका उष्णतेची आहे. चार सिलिंडर, ११५८ सीसी, आणि एलबीएस रोडवर संध्याकाळचे सात. कंपनीलाही कल्पना आहे, म्हणून थांबल्यावर मागचे दोन सिलिंडर बंद होतात. घोडबंदरला गायमुखपाशी अर्धा तास अडकल्यावर तेवढ्याने मांड्या वाचतील का, ते घेणाऱ्याने मे महिन्यात बघावं. जीएसला चेनऐवजी शाफ्ट आहे. जुलैत पेण ते माणगाव चिखलातून जाऊन आल्यावर चेन धुण्याची आणि तेल देण्याची कटकट नाही, ही गोष्ट मला १७० अश्वशक्तींपेक्षा मोलाची वाटते. ट्रायम्फच्या टायगर १२००लाही शाफ्टच आहे, पण तिचं नाव अजून कुणी काढलेलं नाही.

तर निवाडा. सहा फुटी, वर्षातून दोनदा गोव्याला जाणारा आणि पैशांची चिंता नसणारा जो आहे, त्याने जीएस घ्यावी. मल्टिस्ट्राडावाल्याशी तो वाद तिने जिंकला. मल्टिस्ट्राडावाल्याने वळणं आवडतात म्हणून घ्यावी, मुंबईत रोज चालवायला घेऊ नये. रविवारी मत बदलणाऱ्याने आधी केटीएम ३९० ॲडव्हेंचर वर्षभर चालवावी. आपल्याच चाकणला बनते, हलकी आहे, आणि विकताना छातीत कळ येणार नाही. फक्त २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीच्या वरच्या सगळ्या मोटरसायकलींवर जीएसटी ४० टक्के झालाय, ते बजेटमध्ये धरा.

माझी हिमालयनच राहणार. केटीएम हलकी असूनही मी ती घेतली नाही, कारण तिची ओढ वरच्या फेऱ्यांवर मिळते. हिमालयन परशुराम घाटात तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता चढते. परतताना मागे तांदूळ, कोकम आणि फणस असतो, घाई नसते. शिवाय आपल्या वेळी मराठीचे सर लुनावर यायचे, पन्नास सीसीच्या, आणि कधी उशिरा आल्याचं मला आठवत नाही.

गाडी खाली पाण्याच्या टाकीजवळ उभी आहे. जेवणानंतर ज्यांना बसून पाय टेकतात का ते बघायचंय त्यांनी या, जोडीने या. किल्ली माझ्याकडेच राहील.