तासाची सायकल

(मार्च १९९४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आणि विषय दिला, ‘संगणकयुग आणि आपण’. तो विषय मी परस्पर बदलला आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. संगणकावर मी रोज नऊ-दहा तास बोलतेच. आज एका सायकलपटूबद्दल बोलणार आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी त्याचं नाव ऐकलेलं नसेल. मीही ते ऐकलं तेव्हा नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती.

पण सुरुवात शाळेच्या कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानापासून करू. तासाला एक रुपया. काका वहीत नाव, वडिलांचं नाव आणि वेळ लिहून घ्यायचे. त्या एका तासात रुपया वसूल करायचा म्हणून आपण मैदानाला किती फेऱ्या मारायचो! पाय पुरत नसत, म्हणून दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल. कोणी म्हणायचं तीस झाल्या, कोणी म्हणायचं चाळीस. मोजायला कोणीच नसायचं, त्यामुळे सगळेच जिंकायचे.

सायकलिंगच्या जगात हाच खेळ फार गंभीरपणे खेळतात. त्याला ‘तासाचा विक्रम’ म्हणतात. उतरत्या कडांचा गोल ट्रॅक, एकच गिअर, ब्रेक नाही, पायडल थांबवायची सोय नाही. एकट्याने निघायचं आणि बरोबर साठ मिनिटांत किती अंतर कापलं ते मोजायचं. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. एडी मर्क्स या बेल्जियमच्या महान सायकलपटूने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत ४९.४३१ किलोमीटर कापले. १९८४ मध्ये इटलीच्या फ्रान्सेस्को मोझेरने तिथेच ५१.१५१ केले. त्यापुढे नऊ वर्षं त्या आकड्याला कोणी हात लावू शकलं नाही.

तो हात लावला ग्रेम ओब्री नावाच्या स्कॉटिश माणसाने. तारीख १७ जुलै १९९३. आपण तेव्हा नुकतेच दहावीत आलो होतो.

ओब्रीचं स्वतःचं सायकलचं दुकान होतं, ते बुडालं. डोक्यावर कर्ज, हातात काम नाही. मागे कंपनी नाही, प्रशिक्षकांचा ताफा नाही. होतं ते एक डोकं, आणि ते डोकं मला इंजिनियर म्हणून फार आवडतं. पन्नासच्या वेगाने सायकल चालवताना माणसाची जवळजवळ सगळी ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. हिशेब असा, की वेग दुप्पट करायचा तर हवेशी झगडायला आठपट शक्ती लागते. म्हणजे पायात आणखी ताकद आणण्यापेक्षा हवेला कमी अंग दाखवणं स्वस्त पडतं. ओब्रीने काय केलं, तर हँडल छातीजवळ आणून हात दुमडून छातीखाली घेतले. बर्फावरून घसरत येणारे खेळाडू अंग चोरून बसतात ना, तसा तो सायकलवर बसायचा. दिसायला विचित्र. पाहणाऱ्यांना हसू यायचं.

दुसरं, त्याला दोन पाय एकमेकांच्या अगदी जवळ फिरायला हवे होते. त्यासाठी पायडलच्या मधला भाग अरुंद हवा. बाजारात तसा मिळेना, म्हणून त्याने त्यात जुन्या वॉशिंग मशीनचं बेअरिंग बसवलं. गुडघे आपटू नयेत म्हणून सायकलचा वरचा दांडाच काढून टाकला. आपण ज्या दांड्यामुळे हाफ पायडल मारलं, तो दांडा त्याच्या सायकलला नव्हताच! या सायकलचं नाव ‘ओल्ड फेथफुल’. वॉशिंग मशीनची गोष्ट वर्तमानपत्रांनी इतकी चघळली की बाकीचा विचार बाजूलाच राहिला. मला ते खटकतं. बेअरिंग भंगारातलं होतं, विचार भंगारातला नव्हता.

नॉर्वेतलं हामार हे गाव. १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बर्फावरच्या शर्यतींचं मोठं सभागृह बांधलं होतं, त्यात लाकडी ट्रॅक टाकला होता. ओब्रीने तो एका दिवसासाठी घेतला. १६ जुलैला तो तासभर धावला आणि हरला. त्या दिवशी त्याच्याखाली त्याच्याच रचनेवरून व्यवस्थित बनवून घेतलेली नवी सायकल होती. तासभर अशी सायकल मारली की पुढचे काही दिवस माणूस पुन्हा तसा प्रयत्न करायच्या स्थितीत नसतो. ओब्री म्हणाला, मी उद्या सकाळी परत येतो.

रात्री त्याने भरपूर पाणी पिऊन ठेवलं. का, तर लघवीला वारंवार उठावं लागेल, आणि उठलं की दरवेळी पायांचे स्नायू ताणून घेता येतील, म्हणजे ते आखडणार नाहीत. गजर लावण्यापेक्षा ही युक्ती खात्रीची. सकाळी तो आपली जुनी ओल्ड फेथफुल घेऊन ट्रॅकवर आला, आणि तासाभरात ५१.५९६ किलोमीटर झाले. अडीचशे मीटरच्या ट्रॅकवर दोनशेच्या वर फेऱ्या. मोझेरपेक्षा ४४५ मीटर जास्त.

हा विक्रम किती दिवस टिकला? सहा. २३ जुलैला इंग्लंडच्या क्रिस बोर्डमनने फ्रान्समधल्या बोर्दोला ५२.२७० केले. बोर्डमन हा बार्सिलोना ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता, शास्त्रशुद्ध तयारी करणारा. पुढच्याच महिन्यात जागतिक स्पर्धेत ओब्रीने त्याला पाठलागाच्या शर्यतीत उपांत्य फेरीत हरवलं आणि स्वतः जगज्जेता झाला. एप्रिल १९९४ मध्ये बोर्दोलाच ५२.७१३ करून तासाचा विक्रमही परत घेतला. दरम्यान मोझेरने, वयाच्या ४२ व्या वर्षी, ओब्रीसारखं अंग चोरून बसून पाहिलं आणि आपल्याच जुन्या विक्रमाच्या पुढे, ५१.८४० पर्यंत गेला. त्या बसण्याच्या पद्धतीला याहून मोठं प्रमाणपत्र काय हवं?

प्रमाणपत्र मिळालं, आणि बंदी आली. सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नियम केला, अशा पद्धतीने बसायचं नाही. १९९४ ची जागतिक स्पर्धा सिसिलीतल्या पालेर्मोला होती. नव्या नियमाची बातमी ओब्रीला शर्यतीच्या तासभर आधी कळली. इथे आमच्या धंद्यातले चार-पाच जण बसलेत, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. रिलीजला तासभर उरलेला असताना रिक्वायरमेंट बदलून मिळते, तसं. तो आपल्याच पद्धतीने धावला आणि बाद झाला.

मग त्याने दुसरी पद्धत शोधली, दोन्ही हात पुढे सरळ लांब केलेले, उडत्या सुपरमॅनसारखे. त्या पद्धतीने १९९५ मध्ये कोलंबियात बोगोटाला तो पुन्हा जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी बोर्डमनने हीच पद्धत उचलून तासात ५६.३७५ किलोमीटर केले. त्यानंतर तिच्यावरही बंदी. २००० साली संघटनेने ठरवलं, की तासाचा विक्रम मर्क्ससारख्या साध्या सायकलवरच मोजायचा. मधल्या काळातले सगळे आकडे ‘सर्वोत्तम मानवी कामगिरी’ अशा वेगळ्या खान्यात गेले. त्यात ओब्रीचे दोन्ही तास गेले. २०१४ मध्ये नियम पुन्हा सैल झाले. बोर्डमनचा आकडा ओलांडायला २०२२ साल उजाडलं, इटलीच्या फिलिपो गानाने ५६.७९२ केले तेव्हा.

संघटनेची बाजू अगदीच चूक होती असं मी म्हणणार नाही. खेळ माणसाचा की यंत्राचा, हा प्रश्न खरा आहे, कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण रेघ मारायची तर खेळाडू मैदानात उतरण्याच्या आधी मारावी, एवढं तरी?

इथपर्यंतची गोष्ट मी ऑफिसात तरुण मुलांना खूपदा सांगितली आहे. कल्पकता, जिद्द वगैरे. त्यांना आवडते. मग दोन वर्षांपूर्वी मी त्याच्याबद्दल आणखी वाचलं, आणि गोष्ट तशी सांगणं बंद केलं.

ओब्री स्कॉटलंडमध्ये एअरशायरला वाढला. वडील पोलिसात. पोलिसाची पोरं म्हणून ग्रेम आणि त्याचा भाऊ गॉर्डन यांना बाकीची मुलं छळायची, मारायची. सायकल ही त्याला तिथून लांब नेणारी वस्तू होती. पुढे मोठेपणी त्याने स्वतःच सांगितलं आहे, की जिंकण्याची हौस हे त्याचं इंधन नव्हतं. हरण्याची भीती होती. हरलो तर आपण कोणीच नाही, ही भीती. १७ जुलैच्या सकाळी आखडलेल्या पायांनी ट्रॅकवर परत आलेला माणूस मला जिद्दी वाटायचा. आता तो घाबरलेला दिसतो.

दोन जगज्जेतेपदं आणि दोन विक्रमांनी ती भीती गेली नाही. १९९४ मध्ये गॉर्डन मोटार अपघातात गेला. ग्रेमला तीव्र नैराश्य यायचं, पुढे बायपोलर डिसऑर्डरचं निदान झालं. त्याने एकाहून अधिक वेळा आयुष्य संपवायचा प्रयत्न केला. २००१ मध्ये निव्वळ योगायोगाने कोणीतरी वेळेवर पोचलं, म्हणून तो वाचला. मानसोपचार चालू असताना त्याने लिहायला घेतलं, त्याचं २००३ मध्ये आत्मचरित्र झालं आणि २००६ मध्ये त्यावर चित्रपट आला. आपल्या आजाराबद्दल तो उघडपणे बोलतो. मी डॉक्टर नाही. शाळेतल्या छळामुळेच आजार झाला, असं म्हणायचा मला अधिकार नाही आणि ते इतकं सरळ नसतंही. पण त्याने स्वतः ते दिवस विसरलेले नाहीत, एवढं खरं.

आता मी हे इथे, तुमच्यासमोर का सांगते आहे?

आपल्या वर्गात एक मुलगा होता. नाव घेणार नाही, तशी त्याची अट आहे. त्याच्या वडिलांची नोकरी वसुलीची. थकलेल्या कर्जासाठी ते आपल्यापैकी कितीतरी जणांच्या दारात येऊन गेले होते, आमच्याही. त्या माणसाला कोणी काही बोलू शकत नव्हतं. त्याच्या मुलाला बोलता येत होतं. दहावीच्या वर्षात त्याच्या सायकलच्या दोन्ही चाकांची हवा जवळपास रोज सोडलेली असायची. कधी व्हॉल्व्हही काढून फेकलेला. शाळा सुटली की तो सायकल ढकलत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचा आणि आपण फाटकाशी उभे राहून हसायचो. तुम्हाला आठवतंय. आत्ता हॉलमध्ये जी शांतता झाली आहे, त्यावरून कळतंच आहे.

मी हवा कधी सोडली नाही. पण मी मॉनिटर होते, आणि कोण सोडतं ते मला माहीत होतं. बाई, तुम्ही एकदा मला स्टाफरूममध्ये बोलावून विचारलं होतंत. मी म्हटलं, “माहीत नाही, बाई.” तुम्ही विश्वास ठेवलात, कारण माझा पहिला नंबर होता. तीस वर्षं उशीर झाला आहे, पण मला माहीत होतं, बाई.

मेळाव्याच्या ग्रुपमध्ये त्याला घेतलं तेव्हा दोन दिवसांनी तो काही न बोलता बाहेर पडला. मी नंबर शोधून गेल्या महिन्यात फोन केला. वीस मिनिटं बोललो. मी माफी मागितली. तो म्हणाला, “अगं, तू कुठे काय केलंस?” मी म्हटलं, तेच तर. थोडा वेळ तो गप्प राहिला. त्याचं बरं चाललं आहे, हे त्याने सांगितलेलं इथे सांगायला हरकत नाही. ये म्हटलं, तर नको म्हणाला, चिडून नाही. हे मी भाषणात बोलू का, असं विचारलं, तेव्हा म्हणाला, “बोल. नाव नको.”

फोन ठेवताना त्याने एकच गोष्ट विचारली. कोपऱ्यावरचं सायकलचं दुकान अजून आहे का? काका त्याच्याकडून हवेचे पैसे कधी घ्यायचे नाहीत, नवा व्हॉल्व्ह टाकला तरी घ्यायचे नाहीत. आपल्या कोणालाच हे माहीत नव्हतं.

आज सकाळी येताना मी तिथे थांबले. दुकान नाही, मोबाइलचं झालं आहे. पण त्या दुकानदाराने काकांचं घर दाखवलं. काका ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं, पण त्यांना तो मुलगा आठवतो. त्यांच्या सुनेचा नंबर मी घेऊन ठेवला आहे. संध्याकाळी त्याला पाठवते.